माशाच्या पोटात पिट टॅग कसा बसवायचा: परवानगीपासून नोंदवहीपर्यंत

लोणावळ्याजवळ वळवणच्या मत्स्यबीज केंद्रात टाटा समूहाच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास केली. तिथली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) देशातल्या कितीतरी जलाशयांत आणि नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. कावेरीचा स्वतःचा नारिंगी परांचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर (टॉर रेमादेवी) आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि बाहेरून आलेला निळ्या परांचा महसीर तिथे बळावला आहे. हे चित्र बरंचसं स्पष्ट झालं ते हौशी गळवाल्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे. सोडलेल्या माशांपैकी हजारभर माशांना जरी ओळख क्रमांक असता, तरी किती जगले, किती वाढले, कुठवर पसरले, हे खूप आधी कळलं असतं.

तसा क्रमांक आज देता येतो. पिट टॅग म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची कुपी, आत एक चिप आणि तांब्याची बारीक गुंडाळी. बॅटरी नाही. वाचक यंत्राचं चुंबकीय क्षेत्र जवळ आलं की गुंडाळीत वीज निर्माण होते आणि चिप आपला १५ अंकी क्रमांक सांगते. बॅटरी नसल्यामुळे टॅग माशाच्या आयुष्यभर चालतो.

हा लेख मत्स्यशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, मत्स्यबीज केंद्र चालवणाऱ्यांसाठी आणि नदीवर काम करणाऱ्या गटांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच: टॅग बसवलेला मासा जिवंत राहिला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो टॅग नसलेल्या माशासारखाच पोहला, खाल्ला, चढला, तरच त्याच्याकडून आलेली माहिती खरी. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये सुईपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी प्रश्न, मग टॅग

पिट टॅग स्वतःहून काहीच कळवत नाही. वाचक यंत्र त्याच्याजवळ न्यावं लागतं किंवा माशाला यंत्राजवळून जावं लागतं. १२ मिलिमीटरचा नेहमीचा टॅग हातातल्या यंत्राने काही सेंटिमीटरांवरूनच वाचला जातो. त्यामुळे मासा पुन्हा हाती लागणार असेल किंवा एखाद्या अरुंद वाटेनेच जाणार असेल, तिथेच हा टॅग कामाचा.

भारतातलं याचं उत्तम उदाहरण म्हणजे जयंती रोहू. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या अॅक्वाफोर्स्क संस्थेच्या सहकार्याने १९९२ मध्ये रोहूच्या निवड पद्धतीच्या पैदाशीचं काम सुरू केलं. प्रत्येक जोडीची पिल्लं आधी वेगळ्या तळ्यात वाढवायची, टॅग पेलण्याएवढी झाली की प्रत्येकाला पिट टॅग द्यायचा आणि मग सगळी कुटुंबं एकाच तळ्यात सोडायची. सगळ्यांना पाणी तेच, खाद्य तेच. नंतर जो मासा जास्त वाढला तो कोणत्या आईबापांचा, हे टॅग सांगतो. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ही जात बाहेर आली, म्हणून तिचं नाव जयंती.

दुसरं टोक अमेरिकेतल्या कोलंबिया नदीचं. तिथे १९८०च्या दशकापासून सालमनच्या पिल्लांना पिट टॅग दिले जातात आणि धरणांवर माशांच्या जाण्या-येण्यासाठी केलेल्या वाटांत बसवलेले अँटेना ते वाचतात. नदीच्या मुखाजवळच्या बेटांवर कॅस्पियन टर्न आणि पाणकावळे या मासेखाऊ पक्ष्यांच्या वसाहती होत्या. विणीचा हंगाम संपल्यावर संशोधकांनी तिथल्या जमिनीवरून वाचक यंत्र फिरवलं, तेव्हा मातीत असंख्य टॅग सापडले. पक्षी सालमनच्या कोणत्या गटाची किती पिल्लं खातात, याचा हिशोब त्यातून मांडता आला आणि पुढे राइस बेटावरची टर्नची वसाहत समुद्राच्या जवळ, ईस्ट सँड बेटावर हलवण्यात आली. तिथे त्यांच्या आहारात सालमनचं प्रमाण घटलं. कुठे टॅग सापडू शकेल याचा विचार किती लांबवर करायला हवा, ते यावरून दिसतं.

मासा रोज कुठे फिरतो हे हवं असेल, तर बॅटरीचा टॅग लागतो. सह्याद्रीतल्या उथळ, खळाळत्या नदीत रेडिओ टॅग बरा, कारण खळखळाटात आणि बुडबुड्यांत ध्वनिलहरी हरवतात. खोल जलाशयात किंवा खाडीत ध्वनी टॅग घ्या. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी जवळजवळ लगेच विरतात आणि गोड्या पाण्यातही खोलीबरोबर क्षीण होतात. हे टॅग मोठे असतात, त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. तिच्याकडे नंतर येतो.

परवानग्या आणि माणसं

मासा हा पृष्ठवंशी प्राणी आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली संशोधनासाठी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी घ्यावी लागते. अभयारण्यातली नदी असेल तर वनखात्याची, इतरत्र मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्या.

कागदाइतकंच महत्त्वाचं काम पुढचं आहे. महाराष्ट्रातले बहुतेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तुमचा टॅग लावलेला मासा शेवटी त्यांच्याच जाळ्यात येणार. टॅग पोटात असतो, बाहेरून दिसत नाही. म्हणून पाठीच्या पराजवळ रंगीत बाह्य टॅगही लावा, किंवा एखाद्या पराचा छोटा तुकडा कापून खूण करा, आणि ती खूण संस्थेच्या सभेत प्रत्यक्ष दाखवा. तळ्यावरच्या भोई बांधवांना पाण्याची जी माहिती असते ती कोणत्याही नकाशात मिळणार नाही. त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या, मोबदला ठरवा आणि निकाल त्यांना सांगायला परत जा.

मासा केवढा हवा

जुना नियम असा की हवेत मोजलेलं टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त नको. १२ मिलिमीटरच्या पिट टॅगचं वजन साधारण ०.१ ग्रॅम, म्हणजे मासा किमान ५ ग्रॅमचा. पण हा आकडा डोळे मिटून लावू नका. ५ ग्रॅमच्या बोटुकलीच्या पोटात १२ मिलिमीटर लांबीची कुपी बरीच जागा घेते, आणि वजनाइतकीच लांबीही महत्त्वाची असते. रोहू, कटला, महसीरसाठी मी १० ग्रॅमच्या खाली जाणार नाही. त्याहून लहान माशांसाठी ८ मिलिमीटरचे टॅग मिळतात, मात्र ते आणखी जवळून वाचावे लागतात. याउलट २३ आणि ३२ मिलिमीटरचे टॅग बऱ्याच लांबून वाचले जातात, ते मोठ्या माशांना द्या.

ध्वनी टॅगचं गणित वेगळं. ९ मिलिमीटर व्यासाचा टॅग ४-५ ग्रॅमचा असतो, म्हणजे २ टक्क्यांच्या हिशोबाने मासा पाव किलोचा तरी हवा.

कधी करायचं

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पाणी गार असतं, त्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि माद्यांच्या पोटात अंडी भरलेली नसतात. २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते. उन्हाळ्यात दुपारी टॅगिंग करणं म्हणजे मासे मारणं आहे.

पहिल्या पावसात ओढ्यांना चढणारे मासे, कोकणात ज्याला वलगण म्हणतात, तो अभ्यास करायचा असेल तरी टॅग हिवाळ्यातच लावा. जखम भरून मासा मृगाच्या आधी पूर्ववत झालेला असतो. अंड्यांनी भरलेल्या मादीच्या पोटात सुई घालायची वेळ स्वतःवर आणू नका.

मासे एक दिवस आधी उपाशी ठेवा. कार्प कुळातल्या माशांना जठर नसतं, लांबच लांब आतडं पोटभर वेटोळं घालून बसलेलं असतं. ते भरलेलं असलं की सुईला वाट उरत नाही आणि भुलेत पाणी घाण होतं ते वेगळंच.

भूल

भारतात सहज मिळणारी आणि चांगली चालणारी भूल म्हणजे लवंग तेल. त्यातलं युजेनॉल काम करतं. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून १ भाग तेल आणि ९ भाग इथेनॉल असं मिश्रण आधी करून ठेवा. दर लिटरला ५० मिलिग्रॅम तेल हे प्रमाण धरलं, तर २० लिटरच्या टबाला या मिश्रणाचे सुमारे १० मिलिलिटर लागतात. प्रमाण ४० ते ६० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवा आणि दिवसाच्या सुरुवातीला दोन-तीन माशांवर तपासून पाहा. पाणी कोमट असेल तर भूल लवकर चढते.

एमएस-२२२ ही माशांच्या भुलेची पावडर वापरत असाल तर ती पाणी आम्लधर्मी करतं हे लक्षात ठेवा. पावडरच्या वजनाइतका तरी खाण्याचा सोडा घालून सामू तळ्याच्या पाण्याएवढा आणा. अमेरिकेत या औषधानंतर मासा २१ दिवस खाण्यात येऊ नये असा नियम आहे. आपल्या तळ्यावर दुसऱ्याच दिवशी मासेमारी होणार असेल, तर भुलेतून उठलेला मासा तिथे सोडू नका. हा लोकांच्या ताटाचा प्रश्न आहे.

भूल पुरेशी झाली हे कसं ओळखायचं? मासा आधी डोलतो, मग कलंडतो. शेपटीच्या देठाला चिमटा काढला तरी हालचाल नाही, पण कल्ल्यांची झाकणं संथ आणि एका लयीत हलताहेत, ही योग्य वेळ. याला दोन-तीन मिनिटं लागायला हवीत. अर्ध्या मिनिटात मासा उलटला तर औषध जास्त झालं आहे. कल्ले थांबले तर सगळं सोडून माशाला ताज्या पाण्यात घ्या आणि तोंडातून पाणी कल्ल्यांवर जाईल असं धरा. एका वेळी टबात तेवढेच मासे घाला, जेवढे पाच मिनिटांत हातावेगळे होतील. टबात हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) सतत चालू ठेवा आणि भुलेचं पाणी वरचेवर बदला.

टॅग बसवणं

आधी प्रत्येक माशावरून वाचक यंत्र फिरवा. त्याच्या पोटात आधीच टॅग असू शकतो. मग नवा टॅग वाचून बघा. बंद पडलेला टॅग आत घातला तर तो मासा कायमचा वाया गेला.

टॅग, सुया आणि पातं ७० टक्के अल्कोहोलमध्ये किमान १० मिनिटं बुडवा आणि वापरण्यापूर्वी निर्जंतुक सलाईनमध्ये धुवा. अल्कोहोल ओलं असताना पोटात गेलं तर आतल्या ऊतींना इजा होते. प्रत्येक माशाला नवी सुई हे सर्वांत उत्तम. बोथट झालेली सुई खवले फाडते.

हात किंवा हातमोजे कायम ओले ठेवा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हीच त्याची रोगांविरुद्धची पहिली भिंत. कोरडा टॉवेल, कोरडी मोजपट्टी, उन्हात तापलेला वजनकाटा यांनी तो निघून जातो, आणि काही दिवसांनी तिथेच बुरशी धरते. मरणाचं खरं कारण मग कोणाच्या लक्षात येत नाही.

लहान माशासाठी मी सुईपेक्षा पातं पसंत करते. मासा उताणा धरा. छातीचा पर अंगालगत मिटवला की त्याचं टोक जिथे येतं त्याच्या किंचित मागे, पोटाच्या मध्यरेषेच्या थोडं बाजूला, ३-४ मिलिमीटरची चीर द्या. पातं फक्त पोटाच्या भिंतीपुरतंच आत जाऊ द्या. टॅग बोटाने शेपटीच्या दिशेने आत सरकवा. एवढ्या चिरेला टाका लागत नाही.

सुई वापरायची तर १२ गेजची, दट्ट्या असलेली. जागा तीच. खवल्याच्या मधून नको, दोन खवल्यांच्या फटीतून टोक घाला. महसीरचे खवले जाड आणि मोठे असतात, तिथे एक खवला चिमट्याने काढणं सोयीचं पडतं. सुई शेपटीकडे तिरकी ठेवून टोचा, भिंत ओलांडल्याचं बोटांना जाणवलं की सुई अंगाला जवळजवळ समांतर करा आणि दट्ट्या दाबा. खोल गेलात तर आतडं किंवा यकृत फाटतं. बाहेर काहीच दिसत नाही आणि मासा रात्रीतून मरतो. ही बोटांची समज मेलेल्या माशांवर सराव करूनच येते. बाजारातून रोहूची बोटुकली आणा, टॅग घाला, पोट फाडून तो कुठे बसला ते पाहा, आणि हे पुन्हा पुन्हा करा.

मोठ्या प्रजनक माशांना पोटात टॅग देऊ नका. मादीचं पोट दाबून अंडी काढताना टॅग त्यांच्याबरोबर बाहेर येऊ शकतो. त्यांना पाठीच्या परालगत खाली, मांसात टॅग द्या, आणि सगळ्यांना एकाच बाजूला, समजा डाव्या. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या माशाला मात्र मांसात कधीही नाही, कारण काचेची कुपी कोणाच्या तरी घासात यायची.

टॅग गेला की पुन्हा वाचा, क्रमांक मोठ्याने बोला, लिहिणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा. मग लांबी, वजन. मासा एका दमात मिनिटभरापेक्षा जास्त पाण्याबाहेर राहता कामा नये.

बॅटरीच्या टॅगसाठी शस्त्रक्रिया

हे काम पशुवैद्यकाकडून किंवा अनुभवी संशोधकाकडून प्रत्यक्ष शिकल्याशिवाय करू नये. क्रम समजावा म्हणून सांगते.

ओल्या स्पंजच्या व्ही आकाराच्या खाचेत मासा उताणा ठेवायचा. तोंडात नळी, तिच्यातून निम्म्या प्रमाणातल्या भुलेचं हवा मिसळलेलं पाणी कल्ल्यांवरून सतत वाहत ठेवायचं. डोळ्यांवर ओलं फडकं. पोटाखालच्या परांच्या पुढे, मध्यरेषेवर किंवा तिच्या शेजारी, टॅगच्या व्यासापेक्षा थोडीच मोठी चीर. पोटाची भिंत चिमट्याने वर उचलून कापली की आतल्या अवयवांना धक्का लागत नाही. टॅग आत गेला की तो थोडा पुढे किंवा मागे सरकवायचा, थेट जखमेखाली राहू द्यायचा नाही. मग एकपदरी, विरघळणाऱ्या धाग्याचे दोन-तीन सुटे टाके. कडा एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. टाका आवळला की तो त्वचा कापत जातो आणि जखम उघडते, नवशिक्यांकडून सर्वाधिक हेच होतं.

आयोडीनने पोट घासून पुसू नका, बुळबुळीत थर जातो. सलाईनने हलकं धुणं पुरे. स्वच्छ हत्यारं आणि वेग यांनी जे साधतं ते प्रतिजैविकाच्या इंजेक्शनने साधत नाही. पहिल्या चिरेपासून शेवटच्या गाठीपर्यंत तीन ते पाच मिनिटं, एवढी सफाई आल्याशिवाय नदीतल्या माशाला हात लावू नये.

शुद्धीवर येणं आणि सोडणं

शुद्धीवर आणायचा टब त्याच तळ्याच्या पाण्याचा, सावलीत, भरपूर हवा दिलेला. गोड्या पाण्यातल्या माशांसाठी लिटरला ३ ते ५ ग्रॅम मीठ घातलं तर जखमेतून आणि कल्ल्यांतून होणारी क्षारांची गळती कमी होते. पाच मिनिटांत मासा सरळ व्हायला हवा. पण सरळ झाला म्हणजे सावध झाला असं नाही. टबावर हात नेल्यावर तो दचकून पळायला हवा, तोवर सोडू नका. अर्धवट गुंगीतला मासा पाण्यात गेला की पाणकावळा किंवा मरळ त्याला उचलतो, आणि तुमच्या वहीत तो टॅगमुळे मेलेला ठरतो.

सोडताना टब आणि तळं यांच्या तापमानात फरक नको. जिथे पकडला तिथेच, संथ पाण्यात, शक्यतो अंधार पडता-पडता.

प्रकल्पाच्या आधी एक चाचणी केलीच पाहिजे. टाकीत तीन गट ठेवा: टॅग दिलेले, फक्त भूल आणि चीर दिलेले, आणि काहीच न केलेले. महिनाभर मरण, वाढ, भूक आणि गळून पडलेले टॅग मोजा. पडलेले टॅग शोधायला टाकीच्या तळाशी वाचक यंत्र फिरवा. टॅग गळायचे ते बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत गळतात. या चाचणीशिवाय नदीतल्या आकड्यांना आधार नाही.

वाचन आणि नोंदी

एका माशाची एक ओळ: टॅग क्रमांक, जात, लांबी, वजन, पाण्याचं तापमान, विरघळलेला प्राणवायू, भुलेत गेल्याची व शुद्धीवर आल्याची वेळ, टॅग कोणी बसवला, कुठे आणि कधी सोडला. टॅग बसवणाऱ्याचं नाव नक्की लिहा, कारण हातागणिक मरणाचं प्रमाण बदलतं. क्रमांक हाताने उतरवण्याऐवजी यंत्रातून थेट संगणकात घ्या.

अँटेना बसवताना आजूबाजूचं लोखंड टाळा. सळई घातलेलं काँक्रीट, लोखंडी झडप, विजेची मोटर यांच्याजवळ वाचनाचं अंतर झपाट्याने घटतं. जागा निवडायची तर ओढ्याचा अरुंद गळा किंवा मोरीचं तोंड. सह्याद्रीच्या पहिल्या पुरात खाली आलेली झाडं अँटेना उखडून नेतात, म्हणून तो तळाशी सपाट बांधा आणि बॅटरी व यंत्र पूररेषेच्या वर ठेवा. रोज एक टॅग काठीला बांधून अँटेनावरून फिरवा आणि तो वाचला गेला का ते लिहा.

शेवटी विश्लेषण करताना, न दिसलेला मासा मेला असं धरू नका. तो अँटेनाच्या कडेने निसटलेला असू शकतो. कॉर्मॅक-जॉली-सेबर प्रकारची गणितं जगण्याची आणि दिसण्याची शक्यता वेगवेगळी काढतात. पण त्यासाठी एकाच वाटेवर एकाहून जास्त ठिकाणी वाचन लागतं. दोन अँटेना घ्यायला पैसे नसतील, तर वरच्या बंधाऱ्यावर भोई बांधवांच्या पकडीत हातातलं यंत्र फिरवून ती दुसरी नोंद मिळवता येते.